दादाचं यकृत कुणाचं ऐकत नाही

९ जानेवारी

वन्सं,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत, एक पाय सोडून. घरात फोन असताना ही बाई कागद का खरडतेय, असं तुला वाटेल. कारण सोपं आहे. तुला फोन लावला की तुझा दादा पलंगावरून हात पुढे करतो, "दे इकडे" म्हणतो, आणि मग सगळं ठीकच असतं. जेवण ठीक, झोप ठीक, पाय ठीक. पाय ठीक नाहीये, म्हणून लिहितेय. हे पत्र मी आइस्क्रीमच्या कारखान्यात बसून लिहितेय, शीतगृहाच्या दाराबाहेरच्या टेबलावर, अंगात जाड कोट घालून. बोटं आखडलीत, तेव्हा अक्षर लावून घे.

सप्टेंबरात नडगीचं हाड मोडलं, हे तुला माहीत आहे. कसं मोडलं तेही त्याने तुला दहादा सांगितलं असेल, कारण "क्रेनवरून पडलो नाही" हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जेवणाच्या सुट्टीत, सपाट जमिनीवर, ओल्या पाइपवरून घसरला. हाडात सळई घातली, टाके घातले, घरी आणला. इथपर्यंत तुला ठाऊक आहे, पुढचं ऐक. त्या सळईवर जंतू बसलेत. दोनदा पाय उघडून धुतला. होती नव्हती ती सगळी औषधं देऊन झाली, एकही लागू पडत नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मार्चअखेरपर्यंत वाट पाहू, नाहीतर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. नाही काढला तर हे सगळं रक्तात उतरेल आणि मग माणूसच हातचा जाईल.

तुझा दादा ऐकून "बरं" म्हणाला, जणू उद्या नळाला पाणी नाही असं कोणी सांगितलंय. पण त्या दिवसापासून खिडकीकडे पाठ करून झोपतो. खिडकीतून त्याची टॉवर क्रेन दिसते. त्याच्या जागी दुसरा माणूस बसवलाय आणि तो भार उचलताना हिसका देतो, हे ह्याला मान वळवून एकदा बघितलं तरी कळतं. लग्नाआधीपासून हा माणूस रोज ती उभी शिडी चढून वरच्या काचेच्या खोलीत जाऊन बसतो. एका पायाने ती शिडी चढता येत नाही. बाकी काहीही करेल गं तो, पण त्याला कायमचा खाली बसलेला मला बघवणार नाही.

मागच्या खेपेला तू सांगत होतीस की जंतूंना मारणारे विषाणू असतात आणि तू तेच पाळतेस. मी म्हणाले होते, जेवताना हा विषय नको. आता काढ तो विषय. सविस्तर लिही आणि वर पत्ता कारखान्याचा टाक.

तुझी वहिनी

———

५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

"नमुना पाठवायला सांग" एवढं एक वाक्य फोनवर बोलून मी गप्प झाले, त्याचा तुला राग आला असणार. काही हाती लागेपर्यंत मला तुला आशा लावायची नव्हती. आता लागलंय, म्हणून लिहिते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जंतू वेगळे, विषाणू वेगळे. विषाणू इतके बारीक की जंतूपुढे ते म्हणजे बैलाच्या पाठीवरची माशी. त्यातले काही माणसाच्या वाटेलाच जात नाहीत, ते फक्त जंतूंवर जगतात. जंतूला चिकटायचं, आपला ऐवज आत ढकलायचा, आतल्या आत आपली पिलावळ वाढवायची आणि जंतू फोडून बाहेर यायचं. मग पुढचा जंतू. भानगड अशी की प्रत्येक विषाणूचा जंतू ठरलेला असतो, दुसऱ्याकडे तो ढुंकून बघत नाही. म्हणून दादाच्या जखमेतला जंतू मागवला आणि त्याच्यावर तुटून पडेल असा विषाणू शोधत बसले.

कुठे सापडला, हे दादाला सांगू नकोस. एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या नाल्यात. जिथे जंतू तिथे त्यांना खाणारे, म्हणून आम्ही नेहमी अशाच पाण्यात शोधतो. माझ्या हाताखालची पोरं नाक दाबून बाटल्या भरत होती. काचेच्या बशीवर दादाचा जंतू साईसारखा पसरला होता, त्यावर मी त्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या दिवशी बशीत स्वच्छ गोल खिडकी पडली होती. वहिनी, ती बशी मी सगळ्यांना दाखवत फिरले. आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, सहसा मान वर करत नाहीत, त्यांनीही ती उजेडाकडे धरून बघितली.

औषध गाळून, धुऊन, तपासून तयार आहे. तुमच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, इस्पितळाच्या समितीने शिरेतून थोडं थोडं द्यायला परवानगी दिली आहे. कुरिअरवाले जबाबदारी घेत नाहीत, तेव्हा तूच ये आणि घेऊन जा. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव. औषध गार ठेवायचं, गोठवायचं नाही. तुझ्या आइस्क्रीमसारखं दगड झालं तर संपलं.

तुझी नणंद

———

१९ फेब्रुवारी

वन्सं,

फत्ते. डबा पोचला, औषध गेलं, आणि मी आल्यापासून कारखान्यात ज्याला त्याला सांगत सुटलेय की माझ्या नणंदेने नवऱ्यासाठी विषाणू वाढवले. निम्म्यांना वाटतंय मी त्याला मारायला निघालेय.

स्टँडवर तू डबा माझ्या हातात दिलास आणि वर दहा सूचना दिल्यास. पूर्ण प्रवास डबा मांडीवर होता. शेजारची बाई म्हणाली, वर ठेवा की, मी म्हटलं, माझं बाळ आहे. ती त्यानंतर माझ्याशी बोललीच नाही.

त्याला इस्पितळात दाखल करून सलग तीन दिवस सलाइनमधून दिलं. तू सांगितलंस तसं नर्सने दर वेळी आधी आणि नंतर रक्त काढलं आणि बर्फात घालून तुझ्याकडे रवाना केलं. पहिल्या दिवशी तुझा दादा बाटलीकडे टक लावून बघत होता. थेंब पडतोय, दुसरा पडतोय. मग म्हणाला, "हिला लहानपणी दूध मोजून प्यायला लावायचो मी, आता ही मला मोजून पाजतेय." एवढं बोलला म्हणजे गडी खुशीत आहे, हे तू ओळखशीलच. हो, आणि नाल्याचं मी त्याला सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. तो म्हणाला, "असू दे, साइटवर ह्याहून घाण पाणी प्यालोय."

पाय अजून तसाच आहे, वाहतोय. पण तू केलेलं आहे, म्हणजे लागू पडणारच.

वहिनी

———

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

बातमी चांगली नाही. रक्ताचे सगळे नमुने मी स्वतः तपासले. औषध दिल्या दिल्या काढलेल्या रक्तात विषाणू अगदी थोडे सापडले आणि त्यानंतरच्या एकाही नमुन्यात काहीच नाही. कोट्यवधी पाठवले होते, वहिनी. ते जखमेपर्यंत पोचलेच नाहीत. बाई म्हणाल्या, औषध वाटेतच मेलं असेल, ही फाइल बंद करून टाक.

मी इथून निघताना तपासलं होतं तेव्हा ते व्यवस्थित होतं. म्हणून विचारते, राग मानू नकोस. घरी पोचल्यावर डबा रात्रभर कुठे होता? तुझ्या हाताला सवय आहे, थंड ठेवायची वस्तू म्हटली की तू थेट बर्फाच्या कप्प्यात टाकतेस. सवयीने फ्रीझरमध्ये तर ठेवला नाहीस ना? ठेवला असशील तर सांग, मी काही म्हणणार नाही. मला फक्त कळायला हवं.

तुझी नणंद

———

३ मार्च

ताईसाहेबांस सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. आपण विचारलंत, त्याचं उत्तर देते.

डबा रात्रभर माझ्या घरच्या फ्रीजच्या मधल्या फळीवर होता. शेजारी माझा कारखान्यातला तापमापक होता. उठून उठून पाहिला. काटा हलला नाही. आपल्या माहितीसाठी, शीतगृहातली माझी पाळी चालू असताना आजवर एक कांडीसुद्धा विरघळलेली नाही, आणि जी वस्तू गोठवायची नाही ती मी कधी गोठवलेली नाही. गार आणि गोठलेलं यातला फरक मला आपल्याकडून शिकायची वेळ यावी, याचं वाईट वाटलं.

दोन कुप्या न फोडता उरल्या होत्या. त्या त्याच फळीवर होत्या. इस्पितळाच्या माणसाबरोबर आपल्याकडे पाठवल्या आहेत, तपासून खात्री करून घ्यावी.

आपल्या बंधूंना यातलं काही सांगितलेलं नाही. पाय तसाच आहे.

आपली,
(शीतगृह पर्यवेक्षक)

———

११ मार्च

वहिनी,

तू "आपण" म्हणायला लागलीस की माझी पाचावर धारण बसते, हे तुला चांगलं ठाऊक आहे. मी चुकले. कुप्या उघडल्या, थेंब बशीवर सोडला, आणि दुसऱ्या दिवशी बशी चाळणीसारखी झाली होती. औषध पहिल्या दिवशी होतं तितकंच जिवंत आहे. तुझ्या फळीवर ते माझ्या फ्रीजपेक्षा सुखात होतं. माझी माफी ही इथे एकदाच आहे, पण मनापासून आहे. आता पुढचं वाच, कारण मी पत्र संपेपर्यंत जागेवर बसू शकेन असं वाटत नाही.

औषध मेलं नव्हतं, तर गेलं कुठे? बाईंनी फाइल बंद केली होती. मी त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, मला एक उंदीर द्या, मग करा बंद. विषाणूंना अंधारात चमकणारा रंग लावला, उंदराच्या शिरेत सोडले आणि त्याचं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. उंदीर झोपलेला, यकृत चालू. मला वाटलं होतं, रक्ताबरोबर चमकते ठिपके वाहत जाताना दिसतील. वाहत गेलेच नाहीत. यकृतात आले आणि जागच्या जागी थांबले. भिंतीला चिकटले, भिंतीने आत ओढले. चहा निवायच्या आत रक्तात एकही चमकता ठिपका उरला नाही, ते काळंभोर झालं आणि यकृताच्या सगळ्या गल्ल्या उजळल्या.

ह्याचं कारण तुला समजेल असं लिहिते, नाही समजलं तर शिव्या घाल. यकृतात रक्त बारीक बारीक वाटांमध्ये शिरतं आणि तिथे त्याचा वेग पडतो. त्या वाटांना आतून अस्तर आहे, जिवंत पेशींचं. ह्या पेशींचं कामच मुळी वेचणं. रक्तातून येणारं जे काही परकं आणि बारीक असेल ते धरायचं, गिळायचं आणि आतल्या आत पचवून टाकायचं. त्यांच्या जोडीला मोठ्या भक्षक पेशी वाटेतच पाय रोवून बसलेल्या असतात, त्या जाडजूड ऐवज उचलतात. पण विषाणूंएवढं बारीक सामान मला जास्त करून अस्तरातच सापडलं. सगळं रक्त तिथून पुन्हा पुन्हा फिरतं, त्यामुळे एका फेरीत सुटलेला पुढच्या फेरीत सापडतो. आपल्या अंगात असे किती विषाणू येत असतील आणि आपल्याला कळायच्या आत संपत असतील. कोणी आभार मानत नाही.

हे मी पहिल्यांदा शोधलं असं नाही. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण लिहिणं वेगळं आणि डोळ्यासमोर घडताना बघणं वेगळं. मला इतका आनंद झाला, वहिनी, की तुझ्या नवऱ्याचं औषध यातच वाया गेलं, हे मी काही क्षण साफ विसरले. मग आठवलं आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. दादाच्या यकृताला माझे विषाणू कामाचे की घातक, हे कसं कळणार? त्याने सगळे सरसकट उचलले. ते आपलं काम चोख करतंय आणि माझं काम त्याच्यामुळे अडलंय.

शिरेतून देऊन उपयोग नाही. थेट पायात, सळईजवळ द्यावं लागेल आणि खूप जास्त द्यावं लागेल. डॉक्टरांना विचार. आणि मला पुन्हा "तू" म्हण.

तुझीच नणंद

———

१६ मार्च

वन्सं,

बरं, तू. पण हे पत्र मी जपून ठेवणार आहे आणि तू शहाणपणा करायला लागलीस की काढून दाखवणार आहे.

यकृताचं प्रकरण तुझ्या दादाला तोंडी सांगितलं. मी समजत होते तो खचेल. कसला खचतोय. उठून बसला. "म्हणजे पोरीचं औषध आलं आणि माझ्या यकृताने सगळं उचललं? एकही सोडला नाही?" म्हटलं, एकही नाही. मग जी छाती फुगली ती अजून उतरलेली नाही. म्हणतो, आयुष्यात दारूला शिवलो नाही, सगळे हसायचे, आता या म्हणावं बघायला. वॉर्डातल्या सफाईवाल्यापासून शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. मास्तर म्हणाले, माझ्याही यकृतात हेच होत असेल की. तर हा म्हणतो, होत असेल, पण माझ्याचा पुरावा आहे. पाय जायची वेळ आलीय आणि हा माणूस यकृताचा टेंभा मिरवतोय. मी हसले, आणि बाहेर जाऊन रडून आले.

आता खरं काय ते सांगते, कारण लपवून मी थकले. तुझ्या दादाने पाय काढायला होकार दिलाय. आज नाही, तुझा डबा आणायला मी निघाले त्याच्या आदल्या दिवशीच. दोन एप्रिल ठरलीय. मला बजावलं होतं, "तिला सांगू नकोस. तिच्या औषधावर माझा पाय अवलंबून आहे असं तिला वाटता कामा नये. लागू पडलं तर चांगलं, नाही पडलं तर तिच्या डोक्यावर ओझं नको." म्हणून मी तुला आनंदाचं पत्र लिहिलं. तुझा भाऊ असा आहे.

पायात थेट द्यायचं म्हणून डॉक्टरांना विचारलं. माणूस म्हणून ते बरे आहेत, त्यांची तयारी आहे. समिती अडून बसलीय. त्यांचं म्हणणं, शिरेतून दिलं ते थोडं होतं, आता तुम्ही त्याच्या कित्येक पट मागताय. हाड म्हणजे काही बंद बरणी नाही, पायातून ते रक्तात झिरपणार. एवढे विषाणू एकदम रक्तात भरले आणि अंगाने भलताच ताप धरला तर जबाबदार कोण? त्यापेक्षा पाय काढलेला बरा. मी ते शब्दशः लिहून घेतलं. तुला काही बोलता येत असेल तर लवकर बोल.

वहिनी

———

१९ मार्च

वहिनी,

दादाच्या होकाराचं वाचल्यावर मी चिडले. त्याच्याशी मी नंतर भांडेन, आत्ता वेळ नाही.

समितीला ज्याची भीती वाटतेय त्याचं उत्तर त्यांच्याच इस्पितळात झालेल्या आपल्या फसलेल्या प्रयोगात आहे. ते विचारतात, रक्तात झिरपलं तर? आम्ही तर मुद्दाम रक्तातच घातलं होतं. सलग तीन दिवस. आणि दर वेळी दादाच्या यकृताने ते बघता बघता साफ केलं. त्यांच्याच नर्सने काढलेलं रक्त आहे, मीच तपासलेलं आहे, शून्य आहे. शिवाय त्या आठवड्यातले त्याच्या यकृताचे स्वतःचे रिपोर्ट मी मागवून घेतले, त्यात तसूभर फरक नाही. म्हणजे काम उरकून ते पुन्हा ताजंतवानं. ज्या निकालावर बाईंनी फाइल बंद केली, तोच निकाल सांगतोय की पायातून जे झिरपेल ते यकृत आवरून घेईल. पायात ते टिकेल, कारण पायात यकृत नाही. रक्तात ते टिकणार नाही, कारण तिथे आहे. मी आठवडाभर त्या यकृताला शत्रू समजत होते आणि ते माझ्या बाजूचा साक्षीदार निघालं.

हे सगळं मी समितीला लिहून पाठवलंय. खाली बाईंनीही सही केली. त्यांनी मागितलेली दुरुस्ती एकच, पहिल्या वाक्यातून "फसलेला" हा शब्द काढ म्हणाल्या.

आता तुला हवं असलेलं उत्तर नाही, पण खरं उत्तर देते. पाय वाचेलच असं मी लिहू शकत नाही. जुन्या सळईवर जंतूंनी चिकट थर केलेला असतो, त्यात माझे विषाणू किती शिरतील ते मला ठाऊक नाही. पाय काढला तर दादा नक्की जगेल. हे केलं आणि फसलं तर जंतू पसरायला आणखी वेळ मिळेल. त्याची जागा मी घेऊ शकत नाही आणि निर्णयही मी घेऊ शकत नाही. त्याला हे पूर्ण वाचून दाखव, एक ओळ गाळू नकोस.

तुझी नणंद

———

२४ मार्च

धाकटे,

तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे जानेवारीपासून पत्र पत्र खेळताय, हे काल कळलं. तुझी पत्रं आणि तिने ठेवलेल्या तिच्या पत्रांच्या नकला, सगळं वाचलं. तुझ्या वहिनीने फ्रीझरवरून तुला धुतलं ते मी दोनदा वाचलं, फार आवडलं.

समितीने काल होकार दिला. डॉक्टर मला विचारायला आले, तुमचं काय? मी म्हटलं, भार किती आहे आणि वारा किती आहे हे मला खरं सांगितलं की उचलायचं की नाही ते मी ठरवतो. इतकी वर्षं तेच केलंय. माझ्या बहिणीने दोन्ही खरं सांगितलंय. करा.

तू लहान होतीस तेव्हा मी म्हणायचो, ही पोर नुसती भिंगातून मुंग्या बघत बसते, हिचं काय होणार. हे मी बऱ्याच जणांपुढे बोललो होतो. आता तितक्याच जणांना गाठून उलटं सांगायला लागणार आहे. चढता आलं तर बरं पडेल, वरून बरेच जण एकदम सापडतात.

फसलं तर तू रडायचं नाही. दिवस माझा, पाय माझा, होकार माझा.

दादा

———

११ एप्रिल

वन्सं,

दोन तारखेला पाय काढायचा होता त्या दिवशी पाय उघडला. जुनी सळई काढली, सगळं खरवडून धुतलं, नवी घातली आणि आत एक बारीक नळी ठेवली. त्या नळीतून तुझं औषध रोज सोडतात. हा डबाही मीच आणला होता, आणि ह्या वेळी स्टँडवर तू मला काहीच सूचना दिली नाहीस, ते माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर शेजारी खुर्ची टाकून बसले, रक्त काढून तुझ्याकडे धाडलं. संध्याकाळपर्यंत घाम येऊन ताप उतरला. दोन दिवसांनी तुझा फोन आला, "रक्त साफ आहे." मी ते मोठ्याने सांगितलं, तर आख्खा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला. त्या मास्तरांनी सगळ्यांना यकृत शिकवून ठेवलंय.

जखमेचं अजून सांगता येत नाही. काल पट्टी थोडी कमी भिजली असं मला वाटलं. वाटलंच असेल कदाचित. म्हणून मी फोन केला नाही, लिहितेय, म्हणजे तुला पोचेपर्यंत ते खरं तरी झालेलं असेल.

वहिनी

———

१४ नोव्हेंबर

वन्सं,

पट्टी कोरडी झाली, नळी निघाली, काठी आली, काठी गेली, हे सगळं तुला फोनवर वेळच्या वेळी कळलंय. हल्ली तो स्वतःच फोन लावतो आणि पायाचा अहवाल देतो, मला बोलू देत नाही. तरी आजचं मी लिहून कळवणार, असं मी त्याला सांगितलं. हे कागदावर असायला हवं.

कंपनीच्या डॉक्टरने परवा त्याला वर जायला पास केलं. आज सुट्टी घेऊन मी साइटवर गेले. मला डोक्यावर हेल्मेट दिलं, ते सारखं डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे निम्मं मी ऐकलंय आणि निम्मं पाहिलंय. साइटवर काम थांबलं नव्हतं, पण सगळे कुठलं तरी काम काढून क्रेनच्या आसपासच घुटमळत होते.

त्याने पट्टा बांधला, कड्या ओढून बघितल्या आणि माझ्याकडे न बघता शिडीला हात घातला. आधी चांगला पाय, मग तो. नवी सळई असलेला पाय जरा उशिराने वर येतो, लय मोडते. पहिल्या टप्प्यावर थांबला. दुसऱ्यावर जास्त थांबला. मुकादम म्हणाला, "वहिनी, उतरवू का?" मी म्हटलं, त्याला विचार, मला काय विचारतोस. तिसऱ्या टप्प्यानंतर मला मान वर करवेना. मी समोरच्या विटांच्या ढिगाकडे बघत उभी राहिले. शिडीवर बुटांचा आवाज येत होता, एक जोरात, एक हळू. मग तोही ऐकू येईनासा झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. मुकादमाच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. त्यावर जे बोललं जातं ते आख्ख्या साइटला ऐकू जातं, म्हणून तिथे कामाशिवाय कोणी अवाक्षर काढत नाही, आणि तुझा दादा तर त्यातला सगळ्यात कडक. वर गेल्यावर आधी वाऱ्याचा वेग सांगायचा असतो, अशी पद्धत आहे. सगळे त्याचीच वाट बघत होते.

तो धापा टाकत होता. म्हणाला, "माझ्या बहिणीला कळवा, मी वर पोचलो."

म्हणून हे पत्र.

वहिनी